देवघेवीची कोरी वही

वेळशेतच्या वाचनालयाचं लोखंडी कपाट भगीरथ वेखंडेच्या ओटीवर आलं ते शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर. त्याआधी ते शाळेच्या एका खोलीत होतं. शाळेला पाचवीचा वर्ग मिळाला, खोली हवी झाली, आणि वाचनालयाचे चिटणीस जगदीश गुरुजी कपाटाला जागा शोधत गावभर फिरले. भगीरथ वाचनालयाच्या मंडळाचा सभासद, त्याची ओटी ऐसपैस, आणि कोणाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. ‘चार महिने ठेवा, पंचायत खोली बांधतेच आहे,’ असं गुरुजी म्हणाले. पंचायतीचे चार महिने म्हणजे किती, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी जास्त बोललं नाही.

चौघांनी कपाट उचलून आणलं. आत तीनशे बारा पुस्तकं, एक देवघेवीची वही आणि एक वाळून खडखडीत झालेली पाल. पाल देवकीनं काढली. देवकी म्हणजे भगीरथची बायको, अडतीस वर्षांची, उंच, बोलायला जरा फटकळ. माहेरच्या शाळेत सातवीपर्यंत तिनं पहिला नंबर सोडला नव्हता. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत तिनं वाचलेल्या गोष्टी म्हणजे खताच्या गोणीवरच्या सूचना, लेकीचं, रंजिताचं, प्रगतिपुस्तक आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिका मात्र ती खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचायची.

गुरुजींनी किल्ली तिच्याकडं दिली आणि सांगितलं, “कोणी पुस्तक मागायला आलं तर वहीत नाव लिहा, नंबर लिहा, आणि द्या.”

महिनाभर कोणी आलं नाही. मंडळाचे अकरा सभासद, सगळे पुरुष, सगळे वार्षिक सभेला हजर आणि चहाला तर नक्कीच हजर. पुस्तक नेल्याचं मात्र कोणाच्या नावावर नव्हतं. देवकी रोज कपाटावर फडकं मारायची आणि स्वयंपाकाला लागायची. मग मार्गशीर्षात, भाताची झोडणी उरकल्यावर, एका दुपारी तिनं धूळ पुसायला म्हणून एक पुस्तक काढलं आणि उभ्यानंच पहिलं पान वाचलं. तीन भाऊ विहीर खणायला घेतात आणि पाणी लागत नाही, अशी काहीतरी गोष्ट होती. दुसऱ्या पानाला ती बसली. तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ खाली उतरला आणि वरचा दोर ढिला पडला, त्याच वेळेला चुलीवरचा भात लागला. भगीरथनं तो करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला आणि हात धुताना एवढंच म्हणाला, “कलेक्टर होनार वाटतं तू.”

तिला त्याचा राग आला नाही. एवढी वर्षं तिनं जे काही केलं होतं त्याचा काहीतरी उपयोग होता. भात पोटाला, शेण चुलीला, बोलणं वागणं नात्यागोत्याला. हे पहिलंच असं काम होतं की ज्याचा कोणाला काही उपयोग नव्हता आणि कोणी त्यावर प्रश्नही विचारणार नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त आवडलं. विहिरीच्या पुस्तकावर दाखल क्रमांक होता सत्त्याऐंशी. तो आकडा तिच्या डोक्यात कायमचा बसला.

पुढं शेजारची रुपाली आली. धसईची मुलगी, दहावी झालेली, लग्न होऊन जेमतेम आठ महिने. पापडाचं पीठ मागायला आली होती, पण डोळे कपाटाकडं. देवकीनं ओळखलं आणि मोठ्या थाटात वही काढली. वही अजून सगळी कोरीच होती.

“नाव सांग. पूर्ण नाव लिहायचं असतं.”

“रुपाली,” असं म्हणून पोरगी थांबली. मधे नवऱ्याचं नाव घ्यायला हवं होतं. कुडाच्या पलीकडं सासू तांदूळ पाखडत होती आणि सूप अगदी त्याच वेळेला वाजायचं थांबलं होतं. रुपालीनं पदर सारखा केला, जमिनीकडं बघितलं. देवकीला तिची अडचण काय ते सांगायला नको होतं. तिनं स्वतः लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात आणि रंजिताच्या बारशाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्याला हाक मारायची तर ‘अवो’, आणि तोही तिला ‘रंजिताची आय’ म्हणायचा. रेशनच्या अर्जावर सही करायची ती पण दे. भ. वेखंडे.

“ऱ्हाऊ दे काकी,” रुपाली हळूच म्हणाली. “वाचून झाला की आनून देईन.”

“ने गो. वहीला काय करायचाय,” देवकी म्हणाली आणि वही कपाटात परत गेली.

तिथून ती वर्षभर बाहेर आली नाही. पुस्तकं मात्र जात होती. घरोघरी विरजण जातं, मुसळ जातं, पाहुणे आले की दोन पाट जातात, तशी जात होती. विरजण कोण लिहून ठेवतं? कोणाकडं काय आहे ते देवकीला तोंडपाठ होतं. तिला आणखी एक वाटायचं: तिचं स्वतःचंच नाव वहीत नाही, तर दुसरीचं तिनं कुठल्या तोंडानं लिहायचं.

समोरच्या घरातली लहानी आली. नावच लहानी, बाई साठीच्या पुढची, साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. तिनं वर्षभरात एकच पुस्तक नेलं, दोन बहिणींचं. अक्षराखाली बोट ठेवून ती रोज एक पान वाचायची आणि संध्याकाळी देवकीला सांगायची, “आज थोरली रुसली.” दुसऱ्या दिवशी, “अजून रुसलेलीच हाय.” देवकीला पुढं काय होतं ते ठाऊक असायचं, पण तिनं कधी सांगितलं नाही. यासाठी तिला किती जोर करावा लागला असेल ते तिची जीभ ओळखणाऱ्यांनाच कळेल.

आणि वरच्या ठाकूरवाडीतली सावळी. ती रानातली भाजी, करवंदं घेऊन उतरायची आणि ओटीवर टेकायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा देवकी पुस्तकात डोकं घालून बसलेली बघून ती म्हणाली, “मनातल्या मनात का वाचतंस गो? आमी काय पाप केला?” तेव्हापासून सावळी आली की देवकी मोठ्यानं वाचायची. भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात पाळीला जायचा. दुसरी पाळी असली की तो सकाळी माजघरात खाटेवर आडवा असायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून देवकी आवाज जरा उतरवून वाचायची, आणि सावळी तिला पुन्हा चढवायला लावायची.

असं वर्ष गेलं. पुन्हा भात लोंब्यांवर आला आणि दसरा तोंडावर असताना जगदीश गुरुजी सायकल मारत आले. हातात कागद होता. जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी वही मागितली, उघडली आणि तिथंच ओटीच्या कडेला बसले.

“वर्षात एकही पुस्तक गेलेलं नाही?”

“गेली ना. चिकार गेली.”

“इथं कुठं लिहिलंय?”

गुरुजींनी मग शांतपणे समजावलं, आणि त्यांच्या शांतपणानंच ती जास्त घाबरली. देवघेव शून्य दिसली तर वाचनालय बंद. पुस्तकं, कपाटासकट, तालुक्याच्या गावाला जाणार. तिथं आहेच मोठं वाचनालय. एवढं म्हणून ते थोडे सावरले. “घाबरू नका. उपाय आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे. अकरा सभासद, प्रत्येकाच्या नावावर वीस-वीस पुस्तकं टाका. तारखा मी सांगतो. भगीरथरावांच्या नावावर तीस टाका, कपाट त्यांच्याच घरी आहे.”

भगीरथ खांबाला टेकून उभा होता. तो मान खाली घालून हसला. पंचांगाच्या कॅलेंडरपलीकडं त्यानं कधी काही वाचल्याचं गावानं पाहिलं नव्हतं.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाचनालय त्यांनीच दारोदार फिरून उभं केलं होतं आणि ते वाचवण्यासाठीच ते खोटं लिहायला सांगत होते. ते गेल्यावर देवकी वही घेऊन बसली. पहिल्या ओळीवर एका सभासदाचं नाव लिहिलं, पुढं तारीख आणि त्यापुढं सत्त्याऐंशी. आणि हात थांबला. सत्त्याऐंशी म्हणजे तिचा करपलेला भात. ज्या बाप्यानं आयुष्यात त्या कपाटाला हात लावला नव्हता, त्याच्या नावावर तो भात का जावा? दुसऱ्याच्या शेतातला भारा उचलून भलत्याच्या खळ्यात टाकल्यासारखं तिला झालं. तिला मनापासून राग आला. गुरुजींचा नाही, नवऱ्याचा नाही, स्वतःचाच. वर्षभर एवढं भरभरून वाचलं आणि कुठं शाईचा ठिपका ठेवला नाही.

मग तिच्या मनात आलं, नाव तोंडानं घ्यायचं नसतं. हातानं लिहू नये असं तर कोणी कधी सांगितलेलं नाही.

तिनं ती ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं: देवकी. थोडं थांबून लिहिलं: भगीरथ. ती चारही अक्षरं लिहून आडनावापर्यंत आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं तरी तिनं वळून बघितलं.

तारखा गुरुजींकडून घ्यायची गरज पडली नाही. तिनं एकेक पुस्तक काढून उघडलं आणि पुस्तकांनीच सांगितलं. वाचलेल्या पानावर खूण म्हणून बायकांनी हाताला लागेल ते ठेवलेलं होतं. विहिरीच्या पुस्तकात वाळलेली भाताची लोंबी होती, म्हणजे झोडणीचे दिवस. जंगलात हरवलेल्या डॉक्टरच्या गोष्टीत एसटीचं तिकीट; रुपाली होळीला धसईला माहेरी गेली तेव्हा ते सोबत नेलं होतं. दोनशे तीन नंबरच्या पुस्तकात एका पानावर जांभळा डाग, तो सावळीच्या करवंदांचा, म्हणजे वैशाख. दोन बहिणींच्या पुस्तकात तर दर चार पानांना पिंजरीचं, म्हणजे कुंकवाचं, बोट उमटलेलं, कारण लहानी कपाळ पुसायची आणि त्याच बोटानं वाचायची. देवकी एकेक पान उघडत होती आणि तिला अख्खं वर्ष परत भेटत होतं. कुठं रडली, कुठं लेखकाचा राग येऊन पुस्तक दोन दिवस कपाटात कोंडून ठेवलं, कुठलं पुस्तक अर्ध्यात टाकलं. अर्धी टाकलेली चार होती. तीही तिनं लिहिली, पुढं ‘अर्धं’ असा शेरा देऊन. सावळीच्या नावापुढं लिहिलं, ‘ऐकून’.

दोन दुपारी लागल्या. वही तिनं फडक्यात गुंडाळून ठेवली. गुरुजींनी विचारलं, “झालं?” ती म्हणाली, “झालं.” त्यांनी उघडून बघितली नाही. देवकीच्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता.

साहेब आले ते दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. बारीक अंगाचे, चष्मा, खांद्याला पिशवी. ओटीवर सतरंजी टाकली होती. भगीरथची दुसरी पाळी होती, तो डबा घेऊन अकराच्या गाडीला निघायच्या तयारीत दाराशी उभा होता. गावात सांगायचे की ह्या माणसानं आपल्या नोकरीत एक पाळी बुडवलेली नाही, सासरा वारला तेव्हासुद्धा दहनाहून परस्पर कारखान्यात गेला होता.

साहेबांनी वही उघडली. गुरुजींनी वाकून पहिलं पान बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ही सगळी नावं बायकांची आहेत,” साहेब म्हणाले. “यातली सभासद किती?”

“एकही नाय,” देवकी आतल्या दारातून म्हणाली.

“आणि हे सगळं एकाच शाईत, एकाच हातानं. कधी लिहिलं?”

गुरुजींनी तिच्याकडं डोळे केले. ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात लिहिला साहेब. दोन दिवसांत. वाचला मात्र वरीसभर.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. असं उत्तर त्यांना कुठल्या ओटीवर मिळालं नसावं. त्यांनी कपाटातून हाताला येईल ते एक पुस्तक काढलं आणि विचारलं, हे कोणी नेलं? देवकीनं सांगितलं, “रुपाली प्रज्वल हरड. होळीच्या टायमाला. आत तिकीट असंल.” तिकीट होतं. दुसरं काढलं. “लहानी धाकलू भोईर. पिंजर बघा.” पिंजर होती. तिसरं काढलं. “सावळी वाळू आगिवले. तिनं ऐकलंय, वाचला मी.” दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं ती धडाधड घेत होती, त्यात तिला काही अडचण नव्हती.

साहेबांचा आवाज थोडा मऊ झाला. त्यांनी वही तिच्यापुढं धरली. “सगळ्यात जास्त पुस्तकं एकाच नावावर आहेत. एक्केचाळीस. ह्या बाई कोण? नाव वाचा, म्हणजे मी शेऱ्यात लिहितो.”

“देवकी,” ती म्हणाली. आणि पुढं आवाज फुटेना.

साहेब थांबले. गुरुजी खाकरले. ओटीखाली रुपालीची सासू येऊन उभी होती, आणखी चारपाच जणी होत्या. सगळ्यांना कळलं होतं काय झालंय, फक्त साहेबांना नाही. शहरातला माणूस, त्यांच्या घरी बायको त्यांना नावानंच हाक मारत असेल. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तुम्हीच लिहिलंय ना? मग वाचता का येत नाही?”

देवकीच्या डोळ्यांसमोर कपाट बैलगाडीत चढताना दिसायला लागलं. एक शब्द म्हटला की ते राहणार होतं. तिनं तोंड उघडलंही. एवढ्या वर्षांची सवय आडवी आली. खूप वाचलेल्या बाईला एक नाव वाचता येत नाही, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

भगीरथनं डबा उंबऱ्यावर ठेवला. तो ओटीवर आला, साहेबांसमोर मांडी घालून बसला आणि त्यानं वही स्वतःकडं ओढली. कारखान्यातली ऑर्डर वाचतो तसं बोट ओळीवर ठेवलं.

“देवकी भगीरथ वेखंडे,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “सत्त्याऐंशी.”

देवकीनं दाराची चौकट धरली. तिचं नाव ह्या घरात ह्या आवाजात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. माहेरी ऐकलं असेल तेवढंच, आणि ते आवाज आता उरले नव्हते.

“देवकी भगीरथ वेखंडे. चौदा. देवकी भगीरथ वेखंडे. एकशे साठ, अर्धं.” तो अडखळत वाचत होता, पण थांबत नव्हता. “देवकी भगीरथ वेखंडे. दोनशे तीन.” इथं तो साहेबांकडं बघून म्हणाला, “ह्या मी पन ऐकलाय साहेब. आतून. झोपलो नव्हतो.”

ओटीखाली कोणीतरी हसलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पिशवीतून सभासदत्वाचे कोरे अर्ज काढून गुरुजींच्या हातात दिले. “ह्या सगळ्यांचे अर्ज भरून आठ दिवसांत पाठवा. कपाट इथंच राहू दे.” मग भगीरथला म्हणाले, “पुरे, कळलं मला.”

बाहेर वळणावर अकराची एसटी वाजली. बायकांनी वळून गाडीकडं बघितलं, मग भगीरथकडं. त्यानं मान वर केली नाही.

“थांबा साहेब,” तो म्हणाला. “अजून हायत.”

गाडी निघून गेली. त्याचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं, आणि देवकी दारात उभी राहून आपलं नाव ऐकत राहिली, एक्केचाळीसाव्या पुस्तकापर्यंत.